म्युरिअलचं वेल्किन

हेडली क्रॉसलंडने आयुष्यभर दगडावर दगड ठेवला. मध्ये चुना नाही, माती नाही, सिमेंट तर नाहीच. यॉर्कशरमधल्या थर्लशॉ गावाच्या वरच्या अंगाला, मेंढ्यांच्या कुरणांमधून ज्या काळपट भिंती थेट डोंगराच्या माथ्यापर्यंत चढत गेल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा त्याने कधी ना कधी पाडून पुन्हा रचलेल्या. असं काम करणारा माणूस एकदा हातात घेतलेला दगड खाली ठेवत नाही, त्याला जागा शोधूनच देतो. शब्दांच्या बाबतीत मात्र हेडलीचा कारभार नेमका उलटा होता. ओठांवर आलेला शब्द तो बहुतेक वेळा परत आत ठेवून द्यायचा. बायको गेल्यावर तर आता याला बोलायचं कारणच उरलं नाही, असं गाव धरून चाललं होतं. आणि त्याच वर्षी त्याला एका शब्दासाठी भांडावं लागलं.

शब्द होता वेल्किन. इंग्रजीच्या माळ्यावर पडलेला जुनापुराणा शब्द. लंडनच्या रस्त्यावर कुणाला विचारलं तर त्याला ते एखाद्या अंगाच्या साबणाचं नाव वाटेल. हेडलीला तो शब्द बायकोच्या थडग्यावर कोरून हवा होता. वर म्युरिअलचं नाव, खाली जन्माचं आणि मृत्यूचं साल, आणि त्याखाली एकच ओळ: 'हिने वेल्किन दुमदुमवलं.' बाकी फुलं नकोत, कबुतर नको, हात जोडलेला देवदूत तर मुळीच नको.

दगड त्याने स्वतः निवडला होता. पण चर्चच्या आवारात दगड उभा करायचा म्हणजे नुसता दगड आणून चालत नाही. माणूस आपला, खर्च आपला, गाव आपलं, तरी त्यावरचं अक्षरन्अक्षर पाद्र्याकडून पास करून घ्यावं लागतं. शिवाय माती बसायला सहा महिने थांबायचं ते वेगळंच. म्युरिअल फेब्रुवारीत गेली. ऑक्टोबर उजाडला तेव्हा हेडलीने कागद भरून क्लिफर्ड हेगकडे दिला. क्लिफर्ड अक्षरं कोरणारा. त्याने तो चर्चच्या घरी पोचता केला, आणि चार दिवसांनी हात हलवत परत आला.

"सही नाही केली पाद्रीबाईंनी," क्लिफर्ड म्हणाला. "तुला बोलावलंय."

"कशाला?"

"ओळीचं काहीतरी आहे. मला म्हणाल्या, याचा अर्थ काय. मी म्हटलं, बाई, मी नुसता कोरतो."

हेडलीची घाई होती ती नोव्हेंबरसाठी. थर्लशॉमध्ये नाताळची गाणी चर्चमध्ये गात नाहीत, पबमध्ये गातात. याला कारण घडलं दीडशे वर्षांपूर्वी. तेव्हाच्या पाद्र्याला गावची गाणी आरडाओरड्याची वाटली. त्याने ती बंद केली आणि शहरातून छापील, सभ्य गाणी मागवली. गावाने वाद घातला नाही. गावाने आपली गाणी उचलली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या 'रॅम' नावाच्या पबमध्ये जाऊन बसलं. ती मंडळी अजून उठलेली नाहीत. युद्धात मेलेल्यांना मानवंदना द्यायचा नोव्हेंबरचा रविवार झाला, की पुढच्या रविवारपासून नाताळच्या दुसऱ्या दिवसापर्यंत दर रविवारी दुपारी तिथे गाणं चालतं. खर्जातले पुरुष शेकोटीशी, वरच्या सुरातले खिडकीशी, बायका मिळेल तिथे. गाण्याचे कागद नाहीत. ज्याला येत नाही त्याने बिअर प्यावी आणि शिकावं.

ऑर्गनवर म्युरिअल असायची. ती लोकरीच्या गिरणीत मागावर होती आणि मागांच्या खडखडाटात तिचा डावा कान गेलेला. त्यामुळे आपण फार हळू वाजवतोय असं तिला सतत वाटायचं. पबची मालकीण आयव्ही म्हणायची, की म्युरिअल सुरू झाली की कपाटातले ग्लास आपापल्या जागा बदलतात. ती गेल्यानंतरचं हे पहिलंच गाणं. ते सुरू व्हायच्या आत तिचा दगड उभा राहिलाच पाहिजे, असं हेडलीने मनाशी ठरवलं होतं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तिला उघड्यावर ठेवून आपण गायला जायचं हे त्याला बरं वाटत नव्हतं, एवढंच.

चर्चच्या घरात तेव्हा फिलिपा टन्स्टल नावाच्या पाद्रीबाई नव्याने आल्या होत्या. म्युरिअलला पुरून झाल्यावर, ईस्टरच्या सुमाराला. बाई पाद्री ही गोष्टच तेव्हा नवी. गावाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्या दक्षिणेकडच्या होत्या, याचं मात्र वाटलं. दक्षिणेकडची माणसं चहात दूध आधी घालतात की नंतर, यावर 'रॅम'मध्ये एक अख्खी संध्याकाळ गेली होती.

त्यांनी हेडलीला स्वयंपाकघरात बसवलं आणि चहा दिला. दूध नंतर घातलं.

"मिस्टर क्रॉसलंड, ओळ छान आहे," त्या म्हणाल्या. "पण नियम असा आहे, की वाचणाऱ्याला कळेल असं लिहायचं, आणि श्रद्धेला धरून लिहायचं. शंभर वर्षांनी कुणी तिथं येऊन उभं राहिलं, तर त्याला काय कळणार?"

"म्युरिअल क्रॉसलंड कळेल. नाव वर आहे."

"ते झालं. पण वेल्किन म्हणजे काय?"

हेडलीने थोडा विचार केला. "वरचं."

"वरचं म्हणजे?"

"खालचं नाही ते."

पाद्रीबाईंनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्याही डोक्यावर बिशपची माणसं होती, आणि नव्या बाईने कुठे घसरावं म्हणून वाट बघणारी त्यांतली काही होतीच.

"मला वर उत्तर द्यावं लागतं हो. शब्दाचा अर्थ काय, आला कुठून, एवढं मला आणून द्या. नाहीतर सोपं करू या. 'हेवन' लिहू. 'हिने हेवन दुमदुमवलं.' अर्थ तोच, आणि कुणाची हरकत नाही."

"हेवन नको," हेडली म्हणाला.

"का?"

ओठांवर आलं होतं. ते त्याने परत आत ठेवलं. "नको म्हणजे नको, बाई." आणि बिस्किट तसंच ठेवून उठला.

का नको, हे पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं.

एप्रिल महिना होता. हेडली आणि म्युरिअलच्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं. पोरगी झाली ती दिवस भरायच्या आत, हाताच्या ओंजळीत मावेल एवढी. सुईण म्हणाली, पाद्र्याला बोलवा, पाणी घालून बाप्तिस्मा उरकून घ्या. हेडली धावत गेला. पाद्री कुठल्याशा कमिटीत बसले होते. निरोप घेतला, येतो म्हणाले. हेडली परत आला आणि शेगडीजवळच्या खुर्चीवर वाट बघत बसला. पाद्री दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपून आले. त्याच्या थोडं आधी पोरगी गेली होती.

तेव्हाच्या प्रार्थनेच्या पुस्तकात स्पष्ट होतं, की बाप्तिस्मा न झालेल्याला पुरताना प्रार्थना म्हणायची नाही. हे पाद्री पुस्तकाबाहेर जाणारे नव्हते. त्यांचं नाव इथे घ्यायची गरज नाही. त्यांच्या स्वतःच्या दगडावर ते चांगलं मोठं कोरलेलं आहे. चर्चच्या आवाराच्या उत्तरेकडच्या भिंतीला लागून, जिथे ऊन येत नाही, तिथे चर्चच्या गड्याने पोरीला ठेवलं. खूण नाही, शब्द नाही. म्युरिअलने पाद्र्याला एकच विचारलं होतं, ती आता हेवनमध्ये आहे ना. पाद्री म्हणाले, तसं मला सांगता येणार नाही. मग कुठे आहे, असं तिने विचारलं. ते म्हणाले, ते आपण विचारू नये.

पुढे कधीतरी हेडलीला कुणीतरी सहज बोलता बोलता सांगितलं, की अशा वेळी पाद्री लागतच नाही. जीव जायची वेळ आली असेल, तर कुणीही माणसाने कपभर पाणी घालून चार शब्द म्हटले तरी चालतं, चर्चला ते मान्य असतं. हेडली त्या रात्रभर किटलीच्या शेजारी बसला होता. हे त्याने म्युरिअलला कधीही सांगितलं नाही. तिला माहीत होतं का, हे विचारायची हिंमत त्याला शेवटपर्यंत झाली नाही. असलं ओझं बापाच्या उरावर ठेवणाऱ्या नियमाला काय म्हणावं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

म्युरिअलने त्यानंतर चर्चचा उंबरा ओलांडला नाही. मात्र नाताळ आला तेव्हा ती 'रॅम'मध्ये गेली, भिंतीला टेकून बसली, आणि ते गाणं लागलं. गावातलं सगळ्यांत जुनं. खर्जातले पुरुष आधी एकटेच उचलतात, 'वेल्किन दुमदुमू दे', मग मागून बाकीचे येतात, एकमेकांच्या शेपट्या धरून. घरी जाताना तिने विचारलं,

"हेडली, वेल्किन काय रे?"

"वर आहे काहीतरी."

"हेवनच का?"

"तसं काही नसावं. चर्चमध्ये कधी ऐकलं नाही. आपल्यातलंच आहे."

"म्हणजे त्या पाद्र्याच्या हातात नाही?"

"नसावं. पबमधलं आहे."

तिने वर बघितलं. मग म्हणाली, "चालेल. मग ती तिथं आहे."

त्यानंतर घरात तेच पक्कं झालं. पोरगी वेल्किनमध्ये आहे. वाढदिवशी, थंडी फार पडली तर, गिरणीतून येताना कुणाची पोर शाळेचा गणवेश घालून दिसली तर, म्युरिअल वर बघायची आणि म्हणायची, वेल्किनमध्ये गारठा असेल का रे. हेडली म्हणायचा, नसावा. पुढे ती ऑर्गन शिकली. कुणी तिला शिकवलं नाही. नुसतं त्या एका गाण्यापासून सुरू करून तिने बाकीची पकडली. दुसरं मूल झालं नाही. हेडली दर दोन-तीन वर्षांनी चर्चच्या आवाराची उत्तरेकडची भिंत फुकटात पाडून नव्याने रचत असे. गरज नसायची. यॉर्कशरमध्ये तेवढी धडधाकट भिंत दुसरी नसेल.

मरताना म्युरिअलने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मला उत्तरेच्या भिंतीशी ठेव, आणि दगडावर आपलं वेल्किन घाल, म्हणजे पोरीला कळेल कोण आलंय. पहिलं हेडलीने केलं होतं. दुसरं अडकलं होतं.

तो 'रॅम'मध्ये गेला. दुपारची वेळ, चार टाळकी होती. त्याने बिअर घेतली आणि विचारलं, वेल्किन म्हणजे काय. हेडली स्वतःहून काही विचारतो आहे म्हटल्यावर सगळ्यांनी माना वळवल्या.

"घंटा आहे ती," स्टॅन डायसन म्हणाला. खिडकीशी उभा राहून वरच्या सुरात गाणारा म्हातारा. "दुमदुमते ना? घंटेशिवाय दुसरं काय दुमदुमतं? एखाद्या मोठ्या चर्चमध्ये असेल टांगलेली."

"घंटा नाही काही," गल्ल्यामागून आयव्ही म्हणाली. "देवदूतांची जात आहे. त्यांच्यात तसल्या जाती असतात. काहींना सहा पंख असतात."

"तू बघितलीस?"

"तू घंटा बघितलीस?"

क्लिफर्ड हेगने ग्लास खाली ठेवला. "मला वाटायचं गाव आहे. लँकशरमधलं."

यावर मात्र सगळ्यांनी त्याला झाडलं. शेजारच्या लँकशरमधल्या एखाद्या गावासाठी थर्लशॉची माणसं दीडशे वर्षं घसा फोडतील, हे कुणालाच पटण्यासारखं नव्हतं.

"लेका, आपण सगळे ते गातो आणि आपल्याला माहीत नाही?" स्टॅन म्हणाला.

"गायला माहीत कशाला लागतं," आयव्ही म्हणाली. "तुझ्या आजोबांनाही माहीत नव्हतं, आणि ते तुझ्यापेक्षा बरे गात."

मग बोलणं स्टॅनच्या आजोबांवर गेलं. हेडलीने बिअर संपवली. त्या दुपारी त्याला भीती वाटली. इतकी वर्षं हा शब्द त्याने कधी शोधला नव्हता, तो काही आळसाने नाही. खाली शहरात वाचनालय होतं. तिथे जाड शब्दकोश होता, हे त्याला ठाऊक होतं. बाजाराच्या दिवशी तो त्यावरून जायचा, आणि जाताना मुद्दाम रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जायचा. समजा स्टॅनचंच खरं निघालं, ती नुसती घंटा निघाली, तर पोरगी एवढी वर्षं होती कुठे? आणि म्युरिअल फेब्रुवारीत निघून गेली ती कुठे?

दुसऱ्या आठवड्यात बाजार होता. तो वाचनालयाच्या पायरीपर्यंत गेला. दारावर पाटी होती, 'आत या'. तो माघारी वळला आणि खिळे घेऊन घरी आला.

म्हणून शेवटी अर्थ शोधला पाद्रीबाईंनीच. त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. म्हाताऱ्याने बिस्किट सोडून जावं असं आपण काय बोललो, हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी पुस्तकं काढली, जुन्या कॉलेजातल्या कुणाला फोन केला, आणि नोव्हेंबर लागता लागता एका सकाळी कोट चढवून, पिशवीत कागद घालून डोंगर चढल्या. हेडली वरच्या कुरणात पडलेली भिंत उचलत होता. या वयात गरज नव्हती, पण घरी बसून करायचं काय.

"मिस्टर क्रॉसलंड," बाईंना धाप लागली होती. "सापडलं मला."

हेडलीच्या हातात दगड होता. तो त्याने फिरवला, पुन्हा फिरवला, आणि बसवला. "काय आहे?" त्याने विचारलं.

"आकाश. वेल्किन म्हणजे आकाश. तुमचं बरोबर होतं, वरचं."

"घंटा नाही?"

"घंटा? नाही हो."

"बरं," हेडली म्हणाला आणि पुढचा दगड घेतला.

"पण गंमत अशी आहे," पाद्रीबाई भिंतीला टेकल्या, "मुळात त्याचा अर्थ ढग. हजार-बाराशे वर्षांपूर्वी इंग्रज माणूस ढगाला तो शब्द वापरायचा. जर्मन लोकांमध्ये ढगाला अजून तसलाच शब्द आहे. हळूहळू ढगाचं आकाश झालं."

"कुठला ढग?"

"कुठलाही."

हेडलीने मान वर केली. थर्लशॉवर होता तो एकच, डोंगराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मेंढीच्या पोटासारखा मळकट. आठवडाभर तो हलला नव्हता.

"असेल," तो म्हणाला. "इथं दुसरं काय दिसणार."

"आणि आपण रोज म्हणतो ते 'स्काय', तेही ढगच. तो शब्द बोटीतून आलेल्या उत्तरेकडच्या लोकांचा. त्यांनीच तर ही कुरणं धरली."

"म्हणजे आले, वर बघितलं, आणि ढगाखेरीज काही दिसलं नाही."

"तसंच असावं."

यात त्या लोकांना हसण्यासारखं आपल्यालाही काही नाही. आभाळ आलंय असं आपण म्हणतो, तेव्हा आलेले असतात ते ढगच. आणि आभाळ मोकळं झालं म्हणतो, तेव्हा गेलेलेही तेच असतात. माणसाने मान वर करून जे पहिल्यांदा पाहिलं, त्याला त्याने नाव दिलं. त्याच्या पलीकडे काय आहे ते पाहायला कुणाला वेळ होता.

"आणि हेवन?" हेडलीने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण निघून गेलं.

"त्याचं कुणालाच नक्की माहीत नाही," पाद्रीबाईंनी कागद उलटला. "काही विद्वान म्हणतात, मुळात दगड. जुन्या लोकांना वाटायचं, आकाश म्हणजे वर घातलेलं दगडी छत आहे."

इथे हेडलीने काम थांबवलं. एवढ्या बोलण्यात त्याला प्रथमच धंद्यातलं काही सापडलं होतं. "चुना घालून की सुकं?"

"ते लिहिलेलं नाही."

"एवढ्या रुंदीवर सुकं नाही टिकायचं. मधे खांब लागेल."

त्या विद्वानांचं म्हणणं खरं असेल, तर आपण ज्याला अस्मान म्हणतो तेही त्याच खाणीतलं. जुन्या संस्कृतात तोच शब्द, अश्मन्, दगडालाही होता, आकाशालाही. माणसं पांगली, दगड प्रत्येकाने आपापल्या गावी नेला. पाद्रीबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि हेडलीला तर त्या छताचाच भरवसा वाटत नव्हता.

"तर असं आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून तो भरलेला कागद काढला. 'वेल्किन'च्या वर त्यांनी पेन्सिलने बारीक अक्षरात 'हेवन' लिहून ठेवलं होतं. "अर्थ शेवटी एकच. पण ढगापेक्षा हेवन लिहिलेलं बरं नाही का? वर पाठवायलाही सोपं. तुमच्या पत्नीला ढगात ठेवायचं म्हणजे, जरा ओलसर वाटतं."

"तिला सवय आहे."

"मिस्टर क्रॉसलंड, हेवन का नको, ते सांगा मला. मी काही चुकीचं बोलले का तेव्हा?"

वारा सुटला होता. खाली गाव, चर्चचा मनोरा, आणि उत्तरेची ती भिंत इथून स्पष्ट दिसत होती. हेडलीने एक दगड उचलला आणि बोलायला लागला. बोलताना त्याने बाईंकडे बघितलं नाही. हात भिंतीत चालू होते. एप्रिल महिना, ओंजळीएवढी पोर, पाद्र्यांची कमिटी, पुस्तकातला नियम, म्युरिअलने विचारलेला प्रश्न आणि तिला मिळालेलं उत्तर. किटलीचंही सांगितलं. ते त्याने या जगात कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळं मिळून भिंतीचा हातभर तुकडा रचून होईल इतकंच ते होतं.

पाद्रीबाईंचे डोळे भरून आले होते. वाऱ्याने आले असं म्हणण्याची सोय होती, पण त्यांनी तसं म्हटलं नाही.

"ते चुकलं," त्या म्हणाल्या. "फार चुकलं. तुम्हाला तसं कुणी सांगायला नको होतं. आणि तुमच्या हातून काही राहिलं नाही, मिस्टर क्रॉसलंड. देव पाण्यासाठी अडून बसत नाही. चर्च आता तसं मानतच नाही. तुमची मुलगी हेवनमध्ये आहे. पहिल्या दिवसापासून आहे. मी पाद्री म्हणून सांगते तुम्हाला, शपथेवर सांगते."

हे वाक्य ऐकायला त्याने आणि म्युरिअलने एके काळी काय दिलं नसतं. हेडलीने ते पूर्ण ऐकून घेतलं. मान हलवली. बाईंचा त्याला राग आला नाही. उलट एवढ्या चढावर त्या आल्या, याचं त्याला वाईट वाटलं.

"तुम्ही मनाच्या चांगल्या आहात, बाई," तो म्हणाला. "पण असं बघा. पोरगी वेल्किनमध्ये आहे, हे म्युरिअल पंचेचाळीस वर्षं धरून होती. फेब्रुवारीत ती गेली ती तिकडंच, पोरीकडं. आता तुम्ही पोरीला हेवनमध्ये हलवलीत, तर म्युरिअलला ती सापडायची कशी? पत्ता विचारत हिंडणारी बाई नव्हती ती."

पाद्रीबाईंनी कागद भिंतीवर ठेवला. वाऱ्याने तो उडायला बघत होता, म्हणून हेडलीने एका कडेवर तळहात दाबून धरला. बाईंनी पेन्सिलने लिहिलेलं 'हेवन' खोडून काढलं आणि खाली सही केली.